रेड वाइन गार प्यायली तर बिघडलं कुठे? ल्वारकाठच्या कॅबर्ने फ्रांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको नोकरीनिमित्त पुण्याहून पॅरिसला आलेले. सुपरमार्केटमधून आणलेल्या बोर्दोच्या, म्हणजे फ्रान्समधल्या सगळ्यात नावाजलेल्या वाइन-प्रदेशांपैकी एकाच्या, बाटल्यांनी तोंड आवळून यायचं, म्हणून रेड वाइन आपल्याला झेपत नाही असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. मग एका बिस्त्रोत, म्हणजे छोट्या साध्या रेस्टॉरंटात, वेटरने आपल्या मनाने एक रेड आणली, तीही गार. जेवण व्हायच्या आत बाटली रिकामी. लेबलवर नाव होतं साँ-निकोला-द-बूर्गय. वाइनमधल्या ‘जाणकार’ मित्रांना सांगितलं तर ते हसले: रेड कोणी थंड पितं का, आणि ल्वार नदीकाठची रेड तर हिरवट असते! आता या नवरा-बायकोला विचारायचंय की आम्ही प्यायलो ते नेमकं काय होतं, यात पुढे कसं शिरायचं, आणि डिसेंबरात घरी जाताना व्हिस्कीवाल्या सासऱ्यांसाठी यातलं काही नेता येईल का.

तुमचे मित्र चुकीचं बोलत नाहीत. ती वाइन हिरवट असणारच. पण तुम्हाला ती त्या हिरवेपणासकट आवडली, आणि माझ्या मते बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच आवडली. रेस्टॉरंटांसाठी वाइन निवडणं हे माझं रोजचं काम आहे. फ्रान्समधल्या ज्या रेडची शिफारस करताना गिऱ्हाइकाच्या कपाळावर आधी आठी येते आणि दुसऱ्या घोटाला ती जाते, त्यात ही पहिल्या नंबरावर आहे.

द्राक्षाचं नाव कॅबर्ने फ्रां. ल्वार ही फ्रान्सची सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरच्या वर. तिच्या मधल्या पट्ट्यात, तूर आणि आँजे या शहरांच्या दरम्यान, या द्राक्षाची चार नावाजलेली गावं-शिवारं आहेत. नदीच्या उत्तरेला बूर्गय आणि त्याला लागून साँ-निकोला-द-बूर्गय. दक्षिणेला, व्हिएन नदीच्या दोन्ही तीरांवर शिनों. आणि थोडं पश्चिमेला सोम्यूर-शाँपिन्यी. पहिल्या तिघांना 1937 मध्ये आपल्या नावाचा कायदेशीर दर्जा मिळाला, सोम्यूर-शाँपिन्यीला 1957 मध्ये. फ्रेंच लेबलवर बहुतेकदा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं असतं. त्यामुळे ही चार नावं पाठ करणं हाच दुकानातला निम्मा अभ्यास.

हे द्राक्ष स्वतः फारसं मिरवत नाही, पण त्याचा गोतावळा बघा. 1997 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डीएनए तपासून सिद्ध झालं की जगभर दबदबा असलेली कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांची संतती आहे. पुढे मेर्लोचंही एक पालक हेच निघालं. म्हणजे बोर्दोच्या दोन्ही बड्या द्राक्षांचं मूळ इथे पोचतं. बोर्दोत मात्र हे बहुतेक ठिकाणी मिश्रणात थोडंसं घालण्यापुरतं उरलंय. तिथल्या साँ-एमिलियों गावच्या शव्हाल ब्लां या मळ्यासारखे मोजके अपवाद आहेत, तिथे निम्म्याच्या आसपास हेच असतं आणि त्या बाटलीची किंमत विचारायची सोय नाही. ल्वारकाठी ते एकटं, कोणाच्या आधाराशिवाय बाटलीत उतरतं.

आता त्या हिरवेपणाकडे येऊ.

घरी भोपळी मिरची चिरता तेव्हा देठाजवळचा भाग कापताच एक कच्चा, तीव्र वास येतो. तो मेथॉक्सिपायराझिन नावाच्या संयुगांचा. अगदी तीच संयुगं कॅबर्ने कुळातल्या द्राक्षांत असतात आणि आपलं नाक त्यांच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे: लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढ्यानेही ती जाणवतात. द्राक्ष हिरवं असताना ती साठत जातात आणि मणी रंगायला लागल्यापासून कमी होत जातात. ऊन लागलं तर कमी साठतात, दाट पानांच्या सावलीत जास्त. वेलीवर फार घड ठेवले, पाऊस लांबला, शेतकऱ्याने घाईने तोडणी केली, देठ नीट काढले नाहीत, की वाइनला शिजलेल्या भोपळी मिरचीचा वास आणि कच्च्या देठाचा तुरटपणा येतो. ही वाईट हिरवट. 1970-80 च्या दशकांत ल्वारच्या स्वस्त रेड अशा भरपूर असायच्या. मित्रांच्या मनात बसलीय ती हीच बदनामी.

दुसरा हिरवेपणा वेगळा. फळ पूर्ण पिकलेलं आहे, रासबेरी आणि काळ्या चेरीचा वास आधी येतो, आणि त्याच्या मागून काहीतरी पानांचं, ताजं, किंचित मिरमिरीत येतं. नुकती तासलेली पेन्सिल, सुकी तंबाखू, कधी व्हायोलेटची फुलं. फरक ओळखायची माझी साधी रीत: घोट गिळल्यावर हिरवा वास नाकात उरला आणि जीभ मात्र स्वच्छ, ओलसर राहिली, तर वाइन चांगली. जिभेच्या कडांना कच्चं केळं खाल्ल्यासारखी चिकट कोरड आली, तर द्राक्ष कच्चं होतं. बाटलीवर नाव कितीही मोठं असो. गेल्या तीसेक वर्षांत तिथल्या लोकांनी वेलींच्या ओळींमध्ये गवत राखलं, सकाळच्या उन्हाच्या बाजूची पानं काढायला सुरुवात केली, घड कमी केले. हवामानही तापलं. आता अडचण उलटी झालीय: 2018 आणि 2022 सारख्या उन्हाळ्यांत काही बाटल्या 14 टक्क्यांच्या वर गेल्या, आणि हिरवी कड पार पुसून गेलेली कॅबर्ने फ्रां मला तरी जाम चविष्ट पण बिनचेहऱ्याची वाटते. ज्यांना ती आवडते त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

तुम्ही प्यायलात ती बहुधा रेतीवरची होती. या भागात जमिनीचा फरक कळायला तज्ज्ञ व्हावं लागत नाही. नदीलगत सपाटीवर वाळू आणि गोटे. ही जमीन लवकर तापते, पाणी झिरपून जातं, आणि वाइन हलकी, फळाच्या वासाची, वर्ष-दोन वर्षांत पिण्याची होते. बिस्त्रोत कॅराफेतून, म्हणजे काचेच्या सुरईतून, मिळते ती हीच. साँ-निकोलाचा मोठा भाग असा गोट्यांचा आहे. वर चढावर मात्र चिकणमाती आणि तिच्याखाली तुफो, म्हणजे मऊ, पिवळसर पांढरा चुनखडीचा दगड. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा गाळ. तिथली वाइन पहिली पाच वर्षं गप्प असते. रंग गडद, पोत खडूच्या बारीक पुडीसारखा, आणि वय झालं की तिच्यात चामडं, ओली पानं, सुका अंजीर असं एकेक उघडत जातं. चांगल्या सालातली वीस-तीस वर्षं आरामात टिकते.

याच तुफोतून ल्वारचे राजवाडे बांधले. दगड काढून डोंगरात बोगदे उरले. त्यांत आधी माणसं राहिली, मग अळंबी पिकवली, आणि आज त्यांतल्या अनेकांत वाइनची पिंपं आहेत. आत बारा महिने 12-13 अंश. शिनोंच्या अशा एका तळघरात जाऊन बघा. भिंतीला खांदा घासला की कोटावर पांढरी पूड येते. छताला काळी बुरशी, पायाखाली खडी. मालक पिंपाचं बूच काढून काचेची नळी आत सोडतो, वरच्या टोकाला अंगठा दाबतो आणि ग्लासवर नेऊन अंगठा उचलतो. दोन बोटं वाइन पडते. चाखून झालं की तो सरळ खडीवर थुंकतो, आणि पाहुण्यानेही तेच करायचं असतं. आपल्या संस्कारांना पहिल्यांदा जड जातं. थुंकला नाहीत तर मात्र चौथ्या पिंपाशी नोंदी लिहिता येणार नाहीत. तिथे गेल्यावर लक्षात येतं की ही पिंपं बहुतेक जुनी असतात, शिवाय सिमेंटच्या किंवा स्टीलच्या टाक्याही असतात. नव्या ओक लाकडाच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा गोड वास या द्राक्षाच्या पानांच्या वासाशी भांडतो. निदान माझ्या नाकात भांडतो.

मग हे सगळं इतकं चांगलं असून दुर्लक्षित का? खरं तर पॅरिसमध्ये ते दुर्लक्षित नाहीच. बिस्त्रोचा मालक शिनों आणि बूर्गय डोळे झाकून मागवतो. दुर्लक्ष बाहेर आहे. बोर्दोला बंदर होतं आणि शतकानुशतकं इंग्रज व्यापारी होते. ल्वारची रेड मात्र मुख्यतः आसपास आणि पॅरिसमध्ये खपली. 1990 च्या दशकात जगाला दाट, गोडसर, ओकने माखलेली रेड हवी होती, त्या मापाने ही अशक्त ठरली. शिवाय इथे मोठ्या कंपन्या कमी, घरगुती मळे जास्त. जाहिरातीला पैसा कुठला. अपवाद एकच सांगतो. सोम्यूर-शाँपिन्यीतला क्लो रुजार हा फुको भावांचा मळा. त्यांच्या बाटल्यांचे भाव शेकडो युरोंत गेले आणि 2017 मध्ये बुईग या उद्योगपती बंधूंनी तो विकत घेतला. ती बाटली शोधण्यात वेळ घालवू नका. त्या पैशांत शिनोंच्या दोन पेट्या येतील.

थंडीचं काय ते सांगतो, म्हणजे मित्रांना उत्तर देता येईल. रेड ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम अशा काळचा, जेव्हा युरोपातल्या खोल्या 16-17 अंशांवर असत. आज हीटर लावलेल्या पॅरिसच्या फ्लॅटमध्ये 22 असतं, पुण्यात एप्रिलमध्ये 32. त्या तापमानाला कुठलीही रेड अल्कोहोलचा भपका मारते. उलट फार गार केली तर फळाचा वास बसतो आणि तुरटपणा टोचतो. म्हणून रेतीवरची हलकी कॅबर्ने फ्रां 13-14 अंशांवर, चुनखडीवरची 16 च्या आसपास. मोजमापाची गरज नाही: हलकी बाटली फ्रिजमध्ये पाऊण तास, भारी बाटली वीस-पंचवीस मिनिटं. तुमच्या वेटरला त्याचं काम येत होतं.

पुढे शिरायचं तर पाच-दहा बाटल्या एकदम आणू नका. एका उत्पादकाच्या, एकाच सालच्या दोन आणा: एक सपाटीची, एक चढावरची. शिनोंमध्ये बेर्नार बोद्रींचा मळा यासाठी उत्तम. त्यांची ‘ले ग्रांज’ वाळू-गोट्यांची, ‘ला क्र्वा ब्वासे’ चुनखडीच्या उताराची. द्राक्ष तेच, हात तेच, फरक जमिनीचा. दोन्ही एकाच संध्याकाळी उघडा, अर्धी-अर्धी प्या, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. बहुतेक वेळा पहिल्या दिवशी सपाटीची जिंकते आणि दुसऱ्या दिवशी चढावरची. बूर्गयला यानिक आमिरो, सोम्यूर-शाँपिन्यीला तिएरी जेर्मां यांचं रोश नव्ह, शिनोंमध्ये शार्ल जोगे या शिल्पकार-चित्रकाराने नावारूपाला आणलेला मळा, ही पुढची नावं. जोगेंनी प्रत्येक शेताची वाइन वेगळी भरायला सुरुवात केली, तेव्हा शिनोंमध्ये ती पद्धत नव्हती. जुनी, पिकलेली बाटली चाखायची असेल तर ओल्गा राफोंच्या ‘ले पिकास’ची चौकशी करा, तिची जुनी सालं अधूनमधून बाजारात येतात आणि भाव अजून माणसात आहेत.

लेबलवर ‘व्हारेन’ किंवा ‘ग्राव्हिये’ असे शब्द दिसले तर सपाटीची वाळू, गोटे समजा. ‘कोतो’ दिसला तर चढ. ‘व्हिए व्हीन्य’ म्हणजे जुन्या वेली, पण त्याला कायद्याची व्याख्या नाही, त्यावर फार भिस्त ठेवू नका. सालांबाबत एवढं पुरे: 2016, 2017 आणि 2021 मध्ये एप्रिलच्या हिमकडाक्याने नवे कोंब जाळले, पीक घटलं. 2021 त्यातही थंड साल, म्हणून वाइन सडपातळ, मिरमिरीत. मित्रांना हसायला आवडेल अशी, मला मात्र आवडणारी. 2018, 2020, 2022 उबदार आणि भरलेली. बोर्दोचा तुरटपणा ज्यांना सोसत नाही त्यांनी सुरुवात या तिघांपासून करावी आणि मग थंड सालांकडे यावं.

एक धोक्याची सूचना. जुन्या तळघरांत कधी कधी ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट घर करून असतं. त्याने वाइनला तबेल्याचा, घामट खोगिराचा वास येतो. थोडासा असेल तर काही लोक त्याला ‘मातीचा गुण’ म्हणून खपवतात. दहा मिनिटांत उडून गेला तर तो साधा कोंडलेला वास होता. वाढत गेला तर बाटली दुकानात परत न्या, लाजू नका.

जेवणाबरोबर ही वाइन का जमते याची कारणं सरळ आहेत: आंबटपणा भरपूर, तुरटपणा बेताचा, अल्कोहोल साधारण 12 ते 13 टक्के. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणा तिखटाबरोबर आणखी खरखरीत लागतो, म्हणून आपल्या जेवणाशी बोर्दो भांडते आणि ही बरीचशी निभावून नेते. तिथले लोक तिच्याबरोबर रिय्येत, म्हणजे मंद शिजवून कुस्करलेलं डुकराचं मांस, राखेत घोळवलेलं सँत-मोर हे शेळीचं चीज, आणि गुहांतल्या लाकडी भट्टीत फुगवलेली ‘फुए’ नावाची छोटी गोल पोळी खातात. गरम फुए फाडून आत लोणी किंवा रिय्येत भरायचं. तुमच्या स्वयंपाकघरात हिची खरी जोडी वांग्याचं भरीत. भाजल्याचा धूर, कच्चा कांदा, कोथिंबीर, हे सगळं या वाइनच्या वासांना धरून आहे. पीठ पेरलेली भोपळी मिरची तर घरचीच. तिच्याबरोबर वाइनमधला हिरवेपणा चक्क मागे सरतो आणि फळ पुढे येतं, करून बघा. सुकं मटण चालतं, मसाला बेताचा असेल तर. माशांच्या आमटीत चिंच किंवा कोकम असतं, तिथे मी ही वाइन काढणार नाही.

एकदा प्रत्यक्ष जाऊन या. पॅरिसहून वेगवान गाडीने तासा-सव्वातासात तूर, तिथून लोकल गाडीने शिनों. मळ्यात जाण्याआधी फोन किंवा मेल करून वेळ घ्या, रविवार टाळा, आणि सप्टेंबरच्या तोडणीत कोणी दारही उघडणार नाही हे गृहीत धरा. चाखून झाल्यावर निदान दोन-तीन बाटल्या घ्यायच्या, ही तिथली रीत. दारावरचा भाव साध्या बाटलीला साधारण दहा-बारा युरो, चढावरच्या शेताच्या बाटलीला वीस ते पस्तीस.

आता सासरे. भारतात येताना माणशी 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी बसत नाही. तुम्ही दोघं आहात, तर चार. दुकानातून आयात केलेली बाटली घ्यायची म्हटली तर वर्षानुवर्षं केंद्राचं आयात शुल्कच एकूण 150 टक्के राहिलंय, वर राज्याचं उत्पादन शुल्क, त्यामुळे बारा युरोची शिनों तिथे घेण्यात अर्थ नाही. त्या कारणाने आयातदारही ती फारशी मागवत नाहीत. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका.

व्हिस्कीवाल्या माणसाला फळाच्या वासाची हलकी वाइन देऊ नका, तो सरबत म्हणेल. त्यांना चुनखडीवरची, आठ-दहा वर्षं जुनी शिनों किंवा बूर्गय न्या. तंबाखू, चामडं, धूर, हे वास त्यांच्या ओळखीचे आहेत. प्रवासानंतर बाटली दोन दिवस उभी ठेवा म्हणजे तळाचा गाळ बसेल. उघडण्याआधी पुण्याच्या डिसेंबरातही अर्धा तास फ्रिजमध्ये, आणि ओतताना शेवटचा अंगठाभर थर बाटलीतच राहू द्या. बरोबर भरीत आणि बाजरीची भाकरी. घरात तांबड्या रश्शाचा बेत असेल त्या दिवशी मात्र बाटली काढू नका, त्यांना त्यांची व्हिस्कीच पिऊ द्या.